सिद्ध झालें, असें कोणीं म्हणावें?

मुंबईच्या पूर्व किनाऱ्याकडे, भायखळा आणि रे रोड या दोन स्थानकांच्या दरम्यान घोडपदेव ही जुनी कामगारवस्ती आहे, आणि तेथून माझगांवची गोदी फारशी दूर नाहीं. या गोदीचा इतिहास १७७४ सालच्या एका लहानशा कोरड्या गोदीपर्यंत मागें जातो. ‘नीलगिरी’ या युद्धनौकेचें जलावतरण तेथें २३ ऑक्टोबर १९६८ रोजीं झालें. पण ती नौदलांत दाखल झाली ३ जून १९७२ रोजीं. जहाज पाण्यांत उतरलें त्या दिवसापासून तें नौदलाचें होईपर्यंत साडेतीन वर्षांहून अधिक काळ लोटला. पाण्यावर तरंगणें निराळें आणि समुद्रावर कामगिरीस जाण्याला सिद्ध होणें निराळें, हें गोदींतल्या साध्या कामगारालाही ठाऊक असतें.

गोदीच्या व्यवहारांत मात्र एक सोय आहे. काम पुरें झालें कीं नाहीं, हें कोणीं ठरवावयाचें याविषयीं तेथें संशय नसतो. ज्याचे पैसे, ज्याचीं माणसें त्या जहाजावर जीव टांकून जाणार, त्याचे परीक्षक येतात; जहाज समुद्रावर नेऊन पारखतात; उणीव दिसेल तर परत धाडतात, आणि समाधान झालें म्हणजे स्वीकाराची सही करितात. त्या सहीनें प्रश्न मिटतो. परंतु ज्या वस्तूला एक मालक नाहीं, जिचें ठरलेलें गिऱ्हाईक नाहीं, जी घडविणारे हजार हात परस्परांना पाहिल्यावांचून काम करितात आणि त्यांतील बहुतेकांना वेतनही मिळत नाहीं, तिच्याविषयीं ‘सिद्ध झाली’ हा शब्द कोणीं उच्चारावा? गेल्या चाळीस वर्षांत संगणकाच्या क्षेत्रांत हा प्रश्न खरोखरच उपस्थित झाला, आणि तो सोडवितांना माणसांनीं काय काय करून पाहिलें याची हकीकत मोठी उद्बोधक आहे. त्या हकीकतींत आपल्या मराठी भाषेचाही एक लहानसा, पण विसरूं नये असा भाग आहे.

संगणक हें नुसतें यंत्र. कळफलकावर दाबलेली कळ, पडद्यावर उमटणारें अक्षर, तबकडीवर सांठविलेला मजकूर या सर्वांची व्यवस्था लावणारा जो मुख्य कारभारी प्रोग्रॅम असतो, त्याला ऑपरेटिंग सिस्टिम किंवा कार्यप्रणाली म्हणतात. इतर प्रोग्रॅम चुकला तर एक काम बिघडतें. कारभारी चुकला तर साऱ्या घराची घडी विस्कटते. अशी प्रणाली पूर्वीं कंपन्या गुप्तपणें बनवीत आणि विकत. २७ सप्टेंबर १९८३ रोजीं रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञानें असें जाहीर केलें कीं, कोणालाही वापरतां येईल, उघडून वाचतां येईल, सुधारतां येईल आणि दुसऱ्याला देतां येईल अशी एक संपूर्ण प्रणाली आपण रचणार. तिचें नांव ‘ग्नू’. हें स्वातंत्र्य कायद्याच्या भाषेंत बांधणारा परवाना १९८९ सालीं आला. मात्र या प्रणालीचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो अपुरा राहिला होता.

तो गाभा १९९१ सालीं हेलसिंकी येथील लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याच्या हातून पुढें आला. ऑगस्टमध्यें त्यानें आपल्या कामाची वार्ता दिली, आणि सप्टेंबरमध्यें पहिली आवृत्ति इतरांच्या हातीं ठेविली. तिला त्यानें अंक दिला ०.०१. एकाहून लहान अंक देण्याचा हा प्रघात दिसावयास क्षुल्लक, पण अर्थानें मोठा आहे. काम चाललें आहे, वापरणाऱ्यानें जपून वापरावें, एवढी कबुली त्या शून्यांत असते. मार्च १९९२ मध्यें हा अंक एकदम ०.९५ वर गेला. आतां पूर्णांक हाताशीं आला असें वाटलें. पण यंत्रें परस्परांना जोडणारा भाग हातीं घेतल्यावर त्याची खोली कळूं लागली. डिसेंबर १९९२ मध्यें ०.९९ आली आणि तेथेंच पाऊल अडलें. ०.९९ या अंकालाच पुढें एकामागून एक पंधरा दुरुस्त्यांचे पोटअंक जोडावे लागले. अखेर १४ मार्च १९९४ रोजीं १.० ही आवृत्ति प्रसिद्ध झाली. शेवटच्या शतांश पावलाला सव्वा वर्ष लागलें! ज्यांनीं घर बांधलें आहे किंवा ग्रंथ छापला आहे त्यांना या हिशेबाचें नवल वाटणार नाहीं.

येथें निर्णय एका माणसाचा होता, आणि गाभ्यापुरता तो आजही बव्हंशीं तसाच आहे. नवीन भर घालण्यास दोन आठवडे मोकळीक. त्यानंतर दर आठवड्याला एक परीक्षणार्थ आवृत्ति. आणि सुमारें सात-आठ आठवड्यांत दोष विरत गेले म्हणजे पक्की आवृत्ति, अशी तेथील रीत पडली आहे. तीत एक दंडक फार कडक आहे. काल जें चालत होतें तें आज बंद पडतां कामा नये. नवें थोडें उशिरां आलें तरी चालेल, पण जुनें मोडलें तर ती आवृत्ति सिद्ध नव्हे.

परंतु गाभा म्हणजे सबंध घर नव्हे. त्याच्याभोंवतीं हजारों प्रोग्रॅम एकत्र बांधून सामान्य माणसाच्या हातीं द्यावे लागतात. या कामासाठीं इयन मर्डॉक या अमेरिकन विद्यार्थ्यानें १६ ऑगस्ट १९९३ रोजीं ‘डेबियन’ नांवाचा उपक्रम जाहीर केला. त्यांत कोणी धनी नव्हता. ज्यानें त्यानें एकेक प्रोग्रॅम सांभाळावयाचा आणि सर्वांनीं मिळून संच उभा करावयाचा. येथेंच आपला मूळ प्रश्न तीव्र झाला. हजार भाग हजार हातांत असतांना सारें सिद्ध आहे असें कोणीं म्हणावें?

पहिला धडा बाहेरच्या माणसानें दिला. १९९५ च्या डिसेंबरांत तबकड्या विकणाऱ्या एका व्यापाऱ्यानें या मंडळींचा अर्धवट रचलेला संच उचलला आणि ‘डेबियन १.०’ असें नांव घालून विक्रीस काढला. लबाडी नव्हती, गैरसमज होता; पण परिणाम तोच. जी आवृत्ति मंडळींनीं सिद्ध म्हटली नव्हती ती बाजारांत सिद्ध म्हणून गेली. आतां खऱ्या आवृत्तीला तोच अंक द्यावा तर लोक दोहोंत घोटाळा करतील. म्हणून डेबियननें १.० हा अंक कायमचा सोडून दिला, आणि १७ जून १९९६ रोजीं पहिली पक्की आवृत्ति काढली ती १.१ म्हणून. त्याचबरोबर आणखी एक युक्ति त्यांनीं योजिली. तयार होत असलेल्या संचाला अंक न देतां एक खेळकर टोपणनांव द्यावें, आणि अंक प्रसिद्धीच्या वेळींच जोडावा. पुढारीपण करणारे ब्रूस पेरेन्स हे त्या वेळीं पिक्सार या चित्रपटसंस्थेंत काम करीत असल्यामुळें हीं नांवें ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटांतील खेळण्यांचीं पडलीं: बझ, सार्ज, एच, लेनी. बारशापूर्वीं बाळाला लाडकें नांव असावें आणि पत्रिकेंतलें नांव समारंभानें ठेवावें, तसाच हा प्रकार.

दुसरें पाऊल अधिक महत्त्वाचें होतें. जुलै १९९७ मध्यें या मंडळींनीं समाजाशीं एक जाहीर करार केला. त्यांतील एक कलम असें कीं, आमच्या कामांतले दोष आम्ही लपविणार नाहीं. दोषांची वही सदैव सर्वांसमोर उघडी राहील. विकाऊ मालाच्या जगांत दोषांची वही कपाटांत असते; येथें ती चव्हाट्यावर मांडली गेली. कोणीही यावें, दोष नोंदवावा, पूर्वींचे वाचावे. या वहींत दोषांच्या पायऱ्या ठरविल्या गेल्या. एखादें चित्र वांकडें दिसतें, हा दोष खराच. पण त्यासाठीं सबंध संच अडवावयाचा नाहीं. मात्र ज्यानें लोकांचा सांठविलेला मजकूर नष्ट होईल, परक्याला यंत्रांत शिरतां येईल, किंवा दुसरे निर्दोष प्रोग्रॅम मोडतील, असा दोष प्रसिद्धीला अटकाव करणारा मानला जातो. हे अडविणारे दोष मोजावे आणि संख्या पुरेशी उतरली म्हणजेच प्रसिद्धीचा विचार करावा, अशी पद्धति पडली. ज्या प्रोग्रॅमचा दोष वेळेवर निघत नाहीं, तो संचांतून गाळावा, म्हणजे एकासाठीं सारे खोळंबत नाहींत.

डिसेंबर २००० मध्यें त्यांत आणखी एक पायरी जोडली गेली. नवें पॅकेज प्रथम ‘अस्थिर’ विभागांत जातें. तेथें धाडसी लोक तें वापरून पाहतात. काहीं दिवस गेले आणि नवा गंभीर दोष निघाला नाहीं, तर तें आपोआप ‘चाचणी’ विभागांत सरकतें. चाचणी विभाग पुरेसा शुद्ध झाला म्हणजे नवीन भरती थांबते. या थांबवण्याला ते लोक गोठवणें म्हणतात. मग केवळ दुरुस्त्या होतात, आणि शेवटीं तो ‘स्थिर’ म्हणून जाहीर होतो. तारीख विचारली तर उत्तर ठरलेलें असे: सिद्ध होईल तेव्हां.

या उत्तरांत स्वाभिमान होता. पण त्याची किंमतही द्यावी लागली. १९ जुलै २००२ रोजीं ३.० ही आवृत्ति निघाल्यावर पुढची, म्हणजे ‘सार्ज’, लवकरच येईल अशी आशा होती. परंतु संच यंत्रावर चढविणारा प्रोग्रॅम मुळापासून नवा लिहावयाचा होता. सुरक्षेच्या दुरुस्त्या पोंचविण्याची यंत्रणा अपुरी होती. पॅकेजांची संख्या १५,००० च्या वर गेली होती. एक दोष काढावा तों दोन नवे उगवावे. सार्ज निघाली ती ६ जून २००५ रोजीं, जवळजवळ तीन वर्षांनीं. एवढ्या अवधींत बाजारांत नवीं यंत्रें आलीं, आणि जुनी स्थिर आवृत्ति त्यांवर नीट चालेना. लोकांना निर्दोष वस्तु द्यावी म्हणून जी मंडळी थांबली, त्यांनींच लोकांना शिळ्या वस्तूवर दिवस काढावयास लावलें.

आणि तीन वर्षें थांबून तरी निर्दोषता हातीं आली काय? सार्जच्या प्रसिद्धीबरोबरच असें उघडकीस आलें कीं, तबकड्यांवरील एका फायलींत चूक राहिल्यामुळें त्यांवरून नव्यानें संच चढविणाऱ्या यंत्रांना सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप मिळणार नाहींत. दोष एका ओळीचा होता, पण नेमका रक्षणाचाच दरवाजा बंद ठेवणारा. मंडळींनीं तत्काळ तसें जाहीर केलें, उपाय सांगितला आणि सुधारलेल्या तबकड्यांच्या प्रती काढल्या. ज्या कामाकडे शेंकडों डोळे तीन वर्षें लागले होते त्यांतही एक ओळ निसटली, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. नुसतें थांबणें म्हणजे तपासणें नव्हे.

याच सुमारास उलट मताचा एक प्रयोग सुरू झाला होता. मार्क शटलवर्थ या दक्षिण आफ्रिकेंतील उद्योजकानें डेबियनचाच पाया घेऊन ‘उबुंटू’ नांवाची प्रणाली काढली. २० ऑक्टोबर २००४ रोजीं तिची पहिली आवृत्ति आली, आणि दर सहा महिन्यांनीं नवी आवृत्ति हा तिचा नेम ठरला. अंकसुद्धां तारखेवरूनच: चौथें साल, दहावा महिना, म्हणून ४.१०. येथें न्याय आगगाडीचा. गाडी वेळेवर सुटणार; ज्याचा डबा तयार नसेल त्यानें पुढच्या गाडीची वाट पाहावी. या पद्धतींत मोठा गुण असा कीं, पुढची गाडी नक्की आहे हें ठाऊक असल्यामुळें अर्धेंकच्चें काम घाईनें आंत ढकलण्याचा मोह कमी होतो. तथापि २००६ सालीं, दीर्घकाळ सांभाळावयाची पहिली मोठी आवृत्ति काढावयाची वेळ आली तेव्हां, या वक्तशीर मंडळींनींही एप्रिलची प्रसिद्धि जूनवर नेली. त्या आवृत्तीचा अंक ६.०६ हा त्या विलंबाची साक्ष आहे. जेथें लोक वर्षानुवर्षें विसंबून राहणार, तेथें घड्याळालाही क्षणभर थांबावें लागतें.

डेबियनमध्यें मग तारीख पाळण्यासाठीं पैशाचा उपाय करून पाहण्यांत आला. २००६ च्या शरदांत कांहीं सभासदांनीं वर्गणी गोळा करून प्रसिद्धीचें काम पाहणाऱ्यांना कांहीं काळ वेतन द्यावयाचें ठरविलें. ४ डिसेंबर ही तारीख मनाशीं धरली होती. पण ज्या कामाचा प्राण स्वेच्छा होती, त्यांत दोघांना वेतन आणि शेंकडों बिनवेतनी अशी पंगत मांडल्यावर असंतोष पसरला. कित्येकांनीं हात आंखडता घेतला. आवृत्ति निघाली ती ८ एप्रिल २००७ रोजीं. वेतनानें काम होत नाहीं असा याचा अर्थ नव्हे. उबुंटूचा कारभार वेतनावरच चालला होता. सिद्धतेचा निर्णय ज्या विश्वासावर उभा असतो, तो विश्वास मध्येंच नव्या पायावर हलवितां येत नाहीं, एवढाच याचा अर्थ.

त्याहूनही कडू अनुभव पुढच्याच वर्षीं आला. सप्टेंबर २००६ मध्यें एका सांभाळणाऱ्यानें, तपासणीच्या साधनाची तक्रार दूर करावी या सद्हेतूनें, गुप्तलेखनाच्या एका प्रोग्रॅममधील एक ओळ गाळली. त्या ओळीवर किल्ल्यांचें वैविध्य अवलंबून होतें. परिणामीं ज्या किल्ल्या अगणित प्रकारच्या असावयास हव्या होत्या, त्या एका मापाच्या सुमारें ३२,००० प्रकारांत संपूं लागल्या. असा सोपा केलेला कुलपांचा संच स्थिर आवृत्तींत शिरला, आणि १३ मे २००८ पर्यंत कोणाच्या ध्यानीं आला नाहीं. तो शोधून काढला डेबियनच्याच एका स्वयंसेवकानें. सारीं कुलपें बदला, असें जगाला सांगावें लागलें. अडविणाऱ्या दोषांच्या यादींत हा दोष नव्हताच. कारण जो दोष दिसलाच नाहीं, तो यादींत यावा कसा? तेव्हां यादी कोरी होणें ही सिद्धतेची खूण असली तरी सिद्धतेची हमी नव्हे. हमी कशांत असते? दोष सांपडल्यावर तो त्याच चव्हाट्यावर मांडण्यांत. तेवढी एक गोष्ट या मंडळींनीं त्या नामुष्कीच्या दिवशींही सोडली नाहीं.

आतां पुढच्या आवृत्तीकडे, ‘लेनी’कडे, वळूं, कारण मराठीचा संबंध तिच्याशीं आहे. पण तो कळावा म्हणून थोडें मागें गेलें पाहिजे. संगणकावर देवनागरी अक्षर दिसावें यासाठीं दोन गोष्टी लागतात: प्रत्येक अक्षराला जगन्मान्य क्रमांक, आणि त्या क्रमांकाचें रूप काढणारा टाईप, म्हणजे फॉन्ट. युनिकोड या जागतिक संकेताच्या १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तींत देवनागरीला जागा मिळाली होती. मुक्त फॉन्टची उणीव २००४ सालीं भरून निघाली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या संस्थेनें घडविलेले ‘लोहित’ नांवाचे फॉन्ट रेड हॅट कंपनीनें मुक्त परवान्याखालीं सर्वांना खुले केले.

तरी मराठीचें समाधान एवढ्यानें होत नाहीं. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांतल्या खोल जागा. ‘आचार्यास’ बोलाविलें तर गुरुजी येतील, ‘आचाऱ्यास’ बोलाविलें तर स्वयंपाकी. हा भेद दाखविणारी र-ची आडवी रेघ हिंदी लिहिणाऱ्याला लागत नाहीं. मराठीला ती नसली तर अर्थच उलटतो. ‘ॲ’ हें अक्षर आपण नित्य लिहितों. पण युनिकोडमध्यें त्याला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ सालच्या ५.१ या आवृत्तींत, म्हणजे पहिल्या आवृत्तीनंतर तब्बल १७ वर्षांनीं. देवनागरी सिद्ध आहे, असें १९९१ सालीं म्हणणाऱ्यानें खोटें सांगितलें नव्हतें. परंतु कोणासाठीं सिद्ध, हें त्यानें विचारलें नव्हतें. सिद्धता ही वस्तूच्या अंगीं नुसती नसते. ती वापरणाऱ्याच्या गरजेवरून मोजावयाची असते.

२००८ च्या जुलैंत लेनी गोठविली गेली. वर्षअखेरीस एक पेंच उभा राहिला. गाभ्यांत कांहीं यंत्रभागांसाठीं असे तुकडे होते कीं, ज्यांचा मूळ मजकूर या मंडळींना उपलब्ध नव्हता. मुक्ततेच्या व्रताशीं हें सुसंगत आहे काय? ते निघेपर्यंत प्रसिद्धि अडवावी काय? डिसेंबरांत सभासदांचें मतदान झालें. मतपत्रिकेच्या मांडणीवरूनही वाद माजला, आणि मतदान चालविणाऱ्या सचिवांनीं पद सोडलें. बहुमत प्रसिद्धि अडवूं नये या बाजूला पडलें. पहिल्या पिढींत एका माणसाच्या हातीं असलेला निर्णय असा मतपेटीपर्यंत येऊन पोंचला होता.

१४ फेब्रुवारी २००९ रोजीं लेनी प्रसिद्ध झाली. तिचा संच चढविणारा प्रोग्रॅम ६३ भाषांत बोलत होता, आणि नव्यानें आलेल्या भाषांत अम्हारिक, आयरिश, उत्तर सामी व सर्बियन यांच्याबरोबर मराठीही होती. त्या ६३ पैकीं १३ भाषा केवळ चित्रमय पडद्यावरच दिसूं शकत; जुन्या साध्या अक्षरपडद्याला त्यांच्या लिपींचीं जोडाक्षरें झेपत नसत. म्हणजे यंत्राची पहिली ओळख, ‘भाषा निवडा’ या प्रश्नापासून शेवटच्या सूचनेपर्यंत, मराठींत वाचण्याची सोय झाली ती भाषांतर करणारे हात आणि पडद्याची तयारी या दोहोंची सांगड बसली तेव्हां.

त्याच आवृत्तीच्या सूचनापत्रांत आणखी एक वाक्य होतें, आणि तें मराठी माणसानें आपल्या नांवाइतक्याच लक्षपूर्वक वाचावयास हवें. भाषांतर अद्ययावत् न राहिल्यामुळें एस्टोनियन भाषा त्या आवृत्तींतून गाळण्यांत आली होती. एस्टोनिया हें स्वतंत्र राष्ट्र. तेथील भाषेला राजमान्यता. संगणकाचा प्रसारही तेथें थोडा नव्हे. तरीही नवीन वाक्यें आलीं, त्यांचीं भाषांतरें वेळेवर आलीं नाहींत, आणि नियमाप्रमाणें त्या भाषेचें पान मिटलें. कोणाचा द्वेष नव्हता. जो न्याय सदोष पॅकेजाला, तोच न्याय मागें पडलेल्या भाषेला. भाषेचा थोरपणा, तिचे संत, तिचीं कोट्यवधि माणसें, यांपैकीं कशाचीही नोंद त्या वहींत होत नाहीं. या खेपेचीं वाक्यें भाषांतरित झालीं कीं नाहीं, एवढेंच तेथें पाहिलें जातें. एका आवृत्तींत प्रवेश मिळाला म्हणून पुढच्या आवृत्तींत आसन राखून ठेविलेलें नसतें.

लेनीनंतर डेबियननें तारीख आणि सिद्धता या दोन हट्टांची तडजोड केली. जुलै २००९ मध्यें असें जाहीर झालें कीं, गोठवण्याचा काळ ठराविक अंतरानें येईल. प्रसिद्धि मात्र पूर्वींप्रमाणेंच दोष निस्तरल्यावर होईल. आरंभीं यावरूनही खडाजंगी झाली, पहिली गोठवणूक पुढें गेली, आणि आवृत्ति फेब्रुवारी २०११ मध्यें निघाली. पण तेव्हांपासून दर दोन वर्षांनीं एक, असा क्रम चुकला नाहीं. ऑगस्ट २०२५ मध्यें तेरावी आवृत्ति निघाली तेव्हां तींतील पॅकेजें सुमारें ७०,००० झालीं होतीं. दार केव्हां बंद होणार हें घड्याळ सांगतें. गाडी केव्हां सुटणार हें तपासनीस सांगतात. पुण्यांत मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेनें भारतीय भाषांसाठीं जी ‘बॉस’ नांवाची प्रणाली काढली तिचा पायाही डेबियनचाच. तेव्हां दूरच्या त्या तपासनिसांचा निर्णय आपल्याकडील कचेऱ्यांच्या मेजांपर्यंत येऊन पोंचतो.

जुन्या मराठी ग्रंथांच्या शेवटीं शुद्धिपत्र नांवाचें एक पान असे. अमुक पृष्ठ, अमुक ओळ, अशुद्ध हें, शुद्ध हें. वरवर पाहणाऱ्याला तें पान ग्रंथाचें न्यून वाटतें. जाणत्याला तें ग्रंथकाराचें शील वाटतें. सारा ग्रंथ पुन्हां छापावयाचा तर तो वाचकाच्या हातीं कधींच पडणार नाहीं. आणि चुका झांकून द्यावयाचा तर तो हातीं पडून उपयोग नाहीं. म्हणून ग्रंथ द्यावा आणि सोबत शुद्धिपत्रही द्यावें. मुक्त प्रणालीच्या कारागिरांनीं तीन दशकांच्या खटपटीनें जें शोधून काढलें तें याहून फारसें निराळें नाहीं. निर्दोष झालें म्हणजे सिद्ध, हा नियम त्यांना सार्जनें सोडावयास लावला. यादी संपली म्हणजे सिद्ध, हा नियम कुलपांच्या त्या एका ओळीनें खोटा पाडला. उरला नियम तो असा: घातक दोष ठाऊक असतांना पुढें जाऊं नये, सौम्य दोष ठाऊक असतील ते सांगून पुढें जावें, आणि जे ठाऊक नाहींत त्यांच्यासाठीं वही उघडी ठेवावी.

त्या वहींत दोष लिहिण्यास सभासद असावें लागत नाहीं. पडद्यावर ‘दऱ्या’च्या जागीं ‘दर्या’ दिसला, तर कोणीही तेवढी एक ओळ लिहून पाठवावी. पुष्कळ मराठी घरांत असा दोष दिसतो, घटकाभर हंसून सोडून दिला जातो, आणि ‘यंत्राला मराठी येत नाहीं’ असा निकाल दिला जातो. तो निकाल यंत्रापर्यंत पोंचत नाहीं. नोंदलेला दोष पोंचतो. आणि पुढची आवृत्ति मराठीसाठीं सिद्ध आहे कीं नाहीं, याचा निवाडा करतांना तपासनिसांच्या पुढ्यांत तोच असतो.